शेण सोडलं की काय सुटतं

धाराशिव जिल्ह्यात गॅस कशापासून करायचा, या प्रश्नाचं उत्तर एका पिढीत बदललं. पूर्वी तो प्रश्न विचारावाच लागत नसे. गोठ्यातलं शेण, घरामागचा खड्डा आणि चुलीपर्यंत आलेली नळी, एवढ्यात सगळं आलं. आता ढोकी, रांजणी, केशेगाव, मुरूम ही नावं घेतली की साखर कारखान्यांची धुराडी आठवतात. गाळप चालू असताना त्या धुराड्यांच्या पाठीमागे प्रेसमडचा, म्हणजे रस शुद्ध करताना उरणाऱ्या गाळाचा, काळपट ढीग वाढत असतो. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड निघतो. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ योजना सुरू केली, दाबलेला बायोगॅस, म्हणजे बायो-सीएनजी, तेल कंपन्या विकत घेतील असं ठरलं, आणि या ढिगाची किंमत वाढली. धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: पंचवीस टन प्रेसमडमागे एक टन बायो-सीएनजी. पाठोपाठ नेपियर गवताच्या बैठका सुरू झाल्या, सोयाबीनच्या भुसकटाचं काय करता येईल याची चर्चा झाली. तुळजापूरसारख्या यात्रेच्या गावातल्या हॉटेल-लॉजच्या खरकट्याकडेही लोक इंधन म्हणून पाहू लागले.

कच्चा माल बदलला, पण तो पचवणारे जीव तेच आहेत. त्यांच्या काही गरजा शेण आजवर गुपचूप भागवत होतं, त्या गरजा आता उघड्या पडू लागल्या आहेत. या गरजा मिलिग्रॅमच्या आहेत: निकेल, कोबाल्ट, मोलिब्डेनम, सेलेनियम आणि त्यामानाने भरपूर लोह.

बायोगॅसच्या टाकीत काम चार हातांतून जातं. पहिल्या टोळीतले जीवाणू तंतू, पिष्ट, प्रथिनं यांचे तुकडे करतात. दुसरे त्या तुकड्यांपासून आम्लं करतात. तिसरे प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशा आम्लांचं ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात. चौथे ते घेऊन मिथेन करतात. पहिले तीन जीवाणू आहेत, चौथे जीवाणूच नाहीत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवलं की मिथेनकारी जीव ही सजीवांची वेगळीच शाखा आहे. पुढे तिला आर्किया हे नाव मिळालं. हे जीव सावकाश वाढतात, त्यांना हवा अजिबात चालत नाही, खाणं मोजकंच लागतं. आधीच्या तिघांनी कितीही वेगाने काम केलं तरी चौथा अडला की आम्लं साचतात आणि टाकी आंबते. म्हणून बायोगॅसच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या चौथ्या टप्प्याशी किंवा त्याच्या लगतच्या तिसऱ्याशी सापडतं.

मिथेनकारी जीवांना निकेल लागतं, हे कळायला १९७९ साल उजाडलं. जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठात पेटर शोनहाइट, योहानेस मोल आणि रुडॉल्फ थाउअर यांनी सांडपाण्याच्या गाळातून मिळालेला एक उष्णताप्रेमी मिथेनकारी जीव वाढवला आणि त्याला निकेल, कोबाल्ट, मोलिब्डेनम लागतं असं सिद्ध केलं. त्या काळी निकेलला जीवशास्त्रात फारसं स्थानच नव्हतं. वर्षभरातच दुसरा दुवा जुळला. इलिनॉयमध्ये राल्फ वुल्फ यांच्या प्रयोगशाळेत या जीवांतून एक पिवळं द्रव्य वेगळं काढलेलं होतं. ४३० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ते शोषतं म्हणून त्याला ‘एफ ४३०’ म्हणत. ते नेमकं काय काम करतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. १९८० साली कळलं की त्याच्या मधोमध निकेलचा अणू बसलेला आहे.

मला ही रसायनशास्त्रातली फार देखणी गोष्ट वाटते. पानातलं हरितद्रव्य, रक्तातलं हीम, ब१२ जीवनसत्त्व आणि हे एफ ४३०, चारही एकाच घराण्यातली. चार नत्रयुक्त कड्यांची चौकट आणि मध्ये एक धातू. हरितद्रव्यात मॅग्नेशियम, हीममध्ये लोह, ब१२ मध्ये कोबाल्ट, एफ ४३० मध्ये निकेल. मिथेनकारी जीव कोणत्याही जातीचा असो, मिथेनचा रेणू सुटा होण्याची शेवटची पायरी ज्या एन्झाइमवर घडते त्यात हेच निकेल असतं. तुळजापूरच्या एखाद्या वाडीवरची शेगडी पेटते तेव्हा तिच्यातला मिथेनचा प्रत्येक रेणू निकेलच्या एका अणूपाशी तयार झालेला असतो.

इतर धातूंचीही कामं ठरलेली आहेत. कोबाल्ट ब१२ च्या जातीच्या रेणूंत बसून मिथाइल गट एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवतं. ॲसिटिक आम्लापासून मिथेन करायला हे लागतंच. मोलिब्डेनम किंवा टंगस्टन आणि सेलेनियम फॉर्मिक आम्ल हाताळणाऱ्या एन्झाइमांत सापडतात. लोह जवळजवळ सगळीकडे असतं, कारण इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेणारी बहुतेक प्रथिनं लोह-गंधकाचीच असतात. ऊसतोडीची टोळी आली, फड उभा आहे, ट्रॅक्टर बांधाला लागला आहे, पण कोयत्यांना पाती नाहीत, अशी अवस्था या धातूंशिवाय एन्झाइमची होते.

किती लागतात ही पाती? इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात चार्ल्स बँक्स आणि सहकाऱ्यांनी अन्नाच्या खरकट्यावर चालणाऱ्या टाक्यांचा अभ्यास करून २०१२ साली आकडे मांडले. मध्यम भाराला (रोज टाकीत जाणारा माल मध्यम असताना) दर लिटर रबडीत, म्हणजे टाकीतल्या पातळ मिश्रणात, कोबाल्ट किमान ०.२२ मिलिग्रॅम आणि सेलेनियम ०.१६ मिलिग्रॅम हवं. हा हिशेब आपल्याकडे लावून पाहू. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. मालाचा टाकीत चाळीस दिवस मुक्काम धरला तर आत चार हजार लिटर रबडी असते. तिला लागणारं सगळं कोबाल्ट एकत्र केलं तरी एक ग्रॅम भरणार नाही. पाच हजार घनमीटरच्या कारखानी डायजेस्टरला सव्वा किलोच्या आत पुरेल. तेवढं नसेल तर पाच हजार घनमीटर रबडी आंबून बसू शकते.

ब१२ आणि कोबाल्टचा धडा खरं तर गोबरगॅसच्या आधी गोठ्यात शिकला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या किनारी भागांत आणि न्यूझीलंडमध्ये हिरव्यागार कुरणावर चरणाऱ्या मेंढ्या-गायी वाळत जाऊन मरत. पोट भरलेलं असे, पण रक्त पातळ आणि अंगात त्राण नाही. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्या जमिनीत पुरेसं कोबाल्ट नाही. गाय, म्हैस, शेळी ब१२ स्वतः बनवत नाही. तिच्या पहिल्या पोटातले, म्हणजे रूमेनमधले सूक्ष्मजीव ते बनवतात, आणि त्यासाठी त्यांना चाऱ्यातून कोबाल्ट मिळावं लागतं. ब१२ ची त्रिमिती रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५० च्या दशकात क्ष-किरणांनी उलगडली. १९६४ च्या त्यांच्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता.

रूमेन ही बायोगॅसची जिवंत टाकीच आहे. तिच्यातही मिथेनकारी आर्किया असतात, गाय रवंथ करताना मिथेन ढेकरून टाकते. म्हणून शेण म्हणजे नुसती पचून उरलेली वैरण नसते. त्यात मिथेनकारी जीवांचं विरजण असतं, आम्लं सावरणारा क्षार असतो आणि चाऱ्यातून, पाण्यातून, धुळीतून, खनिज मिश्रणातून आलेले सूक्ष्म धातू असतात. जनावर यांतला थोडाच भाग अंगी लावून घेतं, बाकीचा शेणातून बाहेर पडतो. गव्हाणीत टाकलेल्या खनिज मिश्रणातलं कोबाल्ट, तांबं, जस्त, मँगेनीज असं आपोआप संयंत्रात पोचतं.

भारतात ऐंशी-नव्वद वर्षं सूक्ष्म धातूंचा प्रश्न कुणालाच का पडला नाही, याचं उत्तर इथे आहे. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून गॅस झाला. जशभाई पटेलांनी १९५१ मध्ये ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र बनवलं आणि पुढे मुंबईच्या खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याच धर्तीचं तरंगत्या डोमचं मॉडेल देशभर नेलं. देहूच्या डॉ. सु. वि. मापुसकरांनी संडासाला जोडलेलं ‘मलप्रभा’ उभं केलं. १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ आलं. ही सारी संयंत्रं शेणावर किंवा मैल्यावर चालणारी. आमचे अभियंते डोमचा आकार, विटांचा खर्च, गळती यांवर भांडत राहिले आणि ते बरोबरच होतं, कारण आतल्या जीवांचं खाणं शेण सांभाळत होतं. जुन्या मॉडेलच्या लोखंडी डोमचा गंज रबडीत पडत असे. तिथे लोहाचीही वानवा पडली नसावी, असा माझा अंदाज.

युरोपात मात्र हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. जर्मनीने २००४ मध्ये नवीकरणीय ऊर्जेच्या कायद्यात सुधारणा करून ऊर्जेसाठी पिकवलेल्या पिकांना जादा दर दिला. गाव तिथे डायजेस्टर झाले आणि अनेकांनी शेणाला फाटा देऊन नुसत्या मक्याच्या मुरघासावर टाक्या चालवल्या. पहिले काही महिने झकास गेले, मग गॅस घसरला, आम्लं वाढली, भार कमी करूनही टाकी सावरेना. बव्हेरियातल्या मायकेल लेबून आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात नुसत्या मक्यावर दीर्घकाळ चालवलेल्या टाक्यांची तपासणी आहे. सर्वांत आधी कमी पडत होतं ते कोबाल्ट. सूक्ष्म धातूंची मात्रा दिली की टाकी पुन्हा चालू लागे.

‘काही महिने’ हा तपशील धाराशिवच्या वाचकाने नीट लक्षात घ्यावा. टाकी पहिल्यांदा भरताना विरजण म्हणून शेण किंवा जुन्या संयंत्राची रबडी घालतात, आणि तिच्याबरोबर धातू येतात. पुढे रोज नवा माल आत जातो आणि तेवढीच रबडी बाहेर पडते. नीट ढवळल्या जाणाऱ्या टाकीत, मुक्काम चाळीस दिवसांचा असेल तर तीन मुक्कामांनंतर, म्हणजे साधारण चार महिन्यांनी, सुरुवातीच्या शिदोरीतला जेमतेम पाच टक्के भाग उरतो. संयंत्र दिवाळीनंतर सुरू झालं, चाचणी झाली, अधिकाऱ्यांचे फोटो निघाले, ठेकेदाराचं बिल मिळालं, आणि गाळप संपता संपता गॅस उतरला, तर त्याचा दोष लगेच उन्हाळ्यावर किंवा ऑपरेटरवर टाकू नये. शिदोरी संपली असण्याची शक्यता आधी तपासावी.

खरकट्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. हॉटेलच्या अन्नात प्रथिनं भरपूर, म्हणून टाकीत अमोनिया वाढतो. ॲसिटिक आम्लावर थेट जगणारे मिथेनकारी जीव अमोनियाला फार हळवे असतात. ते मागे पडले की टाकी आडवाट धरते. ॲसिटिक आम्ल आधी मोडून हायड्रोजन, फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि दुसऱ्या जातीचे जीव त्यापासून मिथेन करतात. या आडवाटेला सेलेनियम आणि मोलिब्डेनम किंवा टंगस्टन असलेले एन्झाइम जास्त लागतात, आणि नेमके हेच धातू शिजवलेल्या अन्नात थोडे असतात. मग प्रोपिऑनिक आम्ल साचू लागतं. साउदॅम्प्टनच्या संशोधनाचं मोल असं की ज्याला सगळे ‘अमोनियाची विषबाधा’ म्हणत होते ती बऱ्याच अंशी सेलेनियम-कोबाल्टची उपासमार निघाली. भोजनशाळा, वसतिगृहं, मंगल कार्यालयं यांच्यासाठी संयंत्र बांधणाऱ्यांनी एवढं तरी करावं: त्यात रोज थोडं शेण पडेल अशी सोय ठेवावी.

आता आपल्या मातीकडे वळू. धाराशिव जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर बसला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर. ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसाल्टात निकेल, कोबाल्ट, तांबं कितीतरी जास्त असतं. सेलेनियम आणि मोलिब्डेनम मात्र मुळातच थोडं. म्हणजे बालाघाटच्या डोंगरउतारावरच्या काळ्या मातीला निकेल-कोबाल्टचा वारसा आहे. तरीही मराठवाड्यातला शेतकरी सोयाबीनवर पिवळेपणा दिसला की लोहाची आणि जस्ताची फवारणी करतो, कारण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत हे धातू असूनही मुळांच्या हाती लागत नाहीत. माती परीक्षणाच्या अहवालात एकूण प्रमाण वेगळं आणि ‘उपलब्ध’ प्रमाण वेगळं असतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

डायजेस्टरमध्येही अगदी हेच घडतं, फक्त तिथे अडवणूक चुनखडी करत नाही, गंधक करतं. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निकेल, कोबाल्ट, तांबं, लोह यांना पकडून त्यांची न विरघळणारी सल्फाइडं करतो. प्रयोगशाळेने रबडीत कोबाल्ट ‘आहे’ असं लिहून दिलं तरी ते गाळात काळं होऊन पडलेलं असू शकतं. सूक्ष्मजीवांच्या लेखी ते नाहीच.

साखरपट्ट्यात हा मुद्दा कळीचा ठरतो. महाराष्ट्रातले बहुतेक कारखाने रस शुद्ध करायला गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. त्यातलं काही गंधक प्रेसमडात उतरतं, काही मळीत. मळीपासून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये सल्फेट लिटरला हजारो मिलिग्रॅम असतं. टाकीत गेल्यावर सल्फेटवर जगणारे जीवाणू मिथेनकारी जीवांच्या तोंडचा हायड्रोजन पळवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड करतात आणि वर धातूही अडवतात. शेणाच्या गॅसमध्ये हा वायू टक्क्याच्या अंशात असतो, स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये काही टक्क्यांवर जातो. इंजिन खातो, पत्रा खातो आणि बंद जागेत माणसाचा जीव घेतो.

यावरचा जुना इलाज लोह आहे. लोह सल्फाइडला बांधून ठेवतं आणि त्यामुळे निकेल-कोबाल्ट मोकळं राहतं. म्हणजे लोहाची मात्रा दोन कामं करते: स्वतःची गरज भागवते आणि इतरांची सुटका करते. म्हणूनच ती मिलिग्रॅमऐवजी ग्रॅममध्ये मोजावी लागते. या बाबतीत आपल्या जवळचं काम हैदराबादचं आहे. उस्मानिया विद्यापीठात प्रीती राव आणि जी. सीनय्या यांनी गायीच्या शेणाच्या आणि कोंबडीखताच्या टाक्यांत लोह घालून मिथेननिर्मिती सुधारते हे दाखवलं, तो निबंध १९९४ चा. त्यांनी वापरलेलं फेरस सल्फेट म्हणजे आपल्या किराणा-रंगाच्या दुकानातलं हिराकस. पण सावध राहा. शेणाच्या टाकीत हिराकस चालून जातं, स्पेंटवॉशच्या टाकीत हिराकसाबरोबर आणखी सल्फेट जातं, म्हणजे आजाराचंच खाद्य. तिथे फेरिक क्लोराइड बरं.

निकेलचाही एक अनुभव शेजारचाच आहे. जलपर्णी आणि शेणाच्या मिश्रणात दर दहा लाख भागांमागे अडीच भाग निकेल घातल्यावर गॅस वाढला, असं कर्नाटकातल्या जी. एस. गीता आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नोंदवलं. त्याचं श्रेय त्यांनी निकेलवर चालणाऱ्या एन्झाइमांनाच दिलं. शेणात वनस्पतीचा वाटा वाढला की धातूची गरज वर येते, हे त्यातून दिसतं. नेपियरवर स्वप्नं रचणाऱ्यांनी हे वाचावं. चौदा-पंधरा फुटी गवत कापून नुसतं तेच टाकीत भरायचं, हा बेत जर्मनीतल्या मक्याच्या वाटेनेच जाणार.

प्रेसमडचं काय? निकाल एका ओळीत देता येत नाही. त्यात उसाबरोबर आलेली माती असते, त्यामुळे लोह आणि मँगेनीज बहुधा भरपूर, जस्तही बरं. कोबाल्ट, मोलिब्डेनम, सेलेनियम यांचं प्रमाण कारखान्यागणिक आणि हंगामागणिक बदलतं. पावसाळी तोडीच्या उसाला माती जास्त, तेव्हा प्रेसमडही वेगळा. शिवाय हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि डायजेस्टर बारा महिन्यांचा, म्हणून प्रेसमड साठवावा लागतो आणि साठवणीत तो कुजून, तापून त्यातलं गॅस देणारं सत्त्व उडून जातं. उन्हाळ्यात गॅस उतरण्याला हे साधं कारण पुष्कळदा पुरेसं असतं. माझं मत असं की धाराशिवच्या साखरपट्ट्यात प्रेसमडवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संयंत्राने आसपासच्या गोठ्यांशी शेणाचा करार करावा. मालाच्या दहा-पंधरा टक्के शेण रोज आलं तरी सूक्ष्म धातूंचा बराच प्रश्न परस्पर सुटेल, विरजण ताजं राहील आणि भूम-परांड्याच्या दुधाच्या पट्ट्यात शेणाला दोन पैसे मिळतील.

अर्थात शेण मिळायला जनावर हवं आणि जनावराला पाणी. वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, अशा जिल्ह्यात गोबरगॅसचा खरा शत्रू कोबाल्टची कमतरता नाही, तो दुष्काळ आहे. शेणाइतकंच पाणी रोज ओतायचं कुठून? २०१५-१६ च्या टंचाईत जनावरं चारा छावणीत गेली आणि घरची संयंत्रं कोरडी पडली. छावणीत ऊस आणि वाढ्यांवर दिवस काढलेल्या जनावरांचं शेणही पूर्वीसारखं राहत नाही. वाढ्यांतली ऑक्झलेटं कॅल्शियम बांधून ठेवतात, म्हणून त्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. अशा काळात खनिज मिश्रण चालू ठेवणं जनावरासाठी गरजेचं, संयंत्राला त्याचा लाभ आपसूक मिळतो.

म्हणूनच शेणावर चालणाऱ्या घरगुती संयंत्राच्या मालकाने गॅस कमी झाल्यावर धातूंचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी पाहायचं ते साधं असतं. डोमला तडा गेला आहे का, साबणाचं पाणी सोडून खात्री करा. नळीत पाणी साचलं आहे का? रबडीवर कडक साय धरली आहे का? गोठ्यातला मुरूम शेणाबरोबर जाऊन तळ भरला आहे का? पाणी जास्त झालं का? आजारी जनावराला प्रतिजैविकं दिली असतील तर त्याचं शेण काही दिवस संयंत्रात टाकू नये, ती औषधं आतल्या जीवांनाही मारतात. यातलं काहीच नसेल आणि ज्योत फिकी पडून शेगडीवरून उडत असेल, तर मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला आहे, म्हणजे आतमध्ये आम्ल साचतं आहे. आठ-दहा दिवस नवा माल थांबवून शेजारच्या चांगल्या संयंत्राची चार-सहा घागरी रबडी घालणं, हा कोणत्याही पुडीपेक्षा चांगला उपाय आहे.

मोठ्या संयंत्राला मात्र अंदाजावर चालणं परवडत नाही. सामू उतरेपर्यंत वाट पाहणारा ऑपरेटर फार उशिरा जागा होतो, कारण टाकीतला क्षार शेवटपर्यंत सामू धरून ठेवतो. आम्लं आणि क्षारता यांचं गुणोत्तर दर आठवड्याला मोजावं, प्रोपिऑनिक आम्लाकडे विशेष लक्ष द्यावं. ते चढू लागलं आणि भार, तापमान, अमोनिया ठीक असेल तर रबडीतल्या धातूंची तपासणी करून घ्यावी, तीही एकूण आणि विरघळलेली अशी दोन्ही. जो धातू कमी निघेल तोच द्यावा, आणि एकदम ओतण्याऐवजी रोजच्या मालाबरोबर थोडा थोडा, कारण रोज बाहेर जाणारी रबडी तो घेऊन जाते.

जास्त टाकलं तर काय बिघडतं? दोन ठिकाणी बिघडतं. एक, हेच धातू थोडे जास्त झाले की मिथेनकारी जीवांना विष होतात. दोन, रबडी शेवटी शेतात जाते आणि धातू कुजत नाहीत, साठत जातात. खत नियंत्रण आदेशानुसार सेंद्रिय खतात निकेल किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आपल्या काळ्या मातीत निकेल आधीच बऱ्यापैकी असल्याने मातीमिश्रित शेण-प्रेसमडची रबडी वाळवून विकणाऱ्याला ही मर्यादा वाटते तेवढी दूर नाही. हाताळणाऱ्याचा धोका वेगळाच. निकेल आणि कोबाल्टच्या क्षारांची धूळ श्वासातून गेली तर कर्करोगाचा धोका असतो आणि सेलेनाइट उघड विष आहे. ते हाताने ढवळायचं काम पोटासाठी आलेल्या मजुरावर टाकणं गुन्हा ठरावा. तयार द्रावण, हातमोजे, मुखपट्टी आणि कुलपातला साठा, यांशिवाय हा उद्योग करू नये.

‘गॅस दुप्पट करणारं कल्चर’ किंवा ‘बायोगॅस टॉनिक’ विकायला कुणी आलं तर त्याला एकच प्रश्न विचारा: यात कोणता धातू, कोणत्या रूपात, किलोमागे किती मिलिग्रॅम? पिशवीवर ते छापलेलं नसेल तर पैसे खिशातच ठेवा आणि दोन पाट्या ताजं शेण घाला.